उकिरड्यावर टाकलेलं नाव



नरडाण्याला बोलावणं आलं तेव्हा विषय कोणता घेऊ, असं आम्ही फोनवर विचारलं. उत्तर मिळालं, 'सर, तत्त्वज्ञान सांगा, पण कळेल असं सांगा.' ही अट आम्हांला पंचवीस-तीस वर्षं नोकरीत कुणी घातली नव्हती. घातली असती तर विद्यार्थ्यांचं भलं झालं असतं. तेव्हा आज कुठलाही मोठा ग्रंथ घेऊन आलो नाही. एक साधा वाक्प्रचार घेऊन आलो आहोत. उकिरड्यावर टाकणं.

तो आठवायला कारण झालं. मध्यंतरी एका परिचिताकडे बसलो होतो. वारसनोंदीचं काम चालू होतं, जुने सात-बारा आणि फेरफार पसरलेले. त्यांचा नातू, पुण्याला इंजिनिअर, एकेक नाव वाचत होता आणि हसत होता. सुपडू. उखर्डू. धुडकू. नथू. भिका. दगडू. शेवटी तो म्हणाला, 'आजोबा, तुमच्या वडलांना कुणी चांगलं नावसुद्धा ठेवलं नाही का हो?' आजोबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'ते वाचले म्हणून तू आहेस.'

एवढंच संभाषण. पण आमच्या डोक्यात ते राहिलं. नातवाला त्या नावात नकार ऐकू आला, आजोबांना सुटका ऐकू आली. शब्द एकच. मग त्याचा अर्थ कुठे असतो? शब्दात, बोलणाऱ्याच्या मनात, की आणखी कुठे?

इथे बसलेल्यांपैकी साठीच्या पुढच्यांना प्रथा माहीत आहे. तरुणांसाठी सांगतो. ज्या घरात मुलं जगत नसत, एक गेलं, दुसरं गेलं, अशा घरात पुढचं मूल जन्मलं की त्याला सुपात घालत आणि नेऊन उकिरड्यावर ठेवत. आई ठेवी किंवा घरातली म्हातारी ठेवी. मग दुसरीच कुणी बाई, पुष्कळदा सुईण, ते मूल उचली. आता मूल तिचं झालं. आई तिच्याकडून ते विकत घेई, मूठभर धान्य देऊन, कवडी देऊन. आणि नाव काय ठेवायचं? उकिरड्यावर सापडला म्हणून उखर्डू, उकर्डा. सुपात घातला म्हणून सुपडू. कवडीला घेतला म्हणून कवडू. केरात मिळाला म्हणून केरू, कचरू. कुणी मुलाचं नाक टोचून नथ घाली, तो नथू. धुडकू हे नाव धुडकावण्यातून आलं असावं असा आमचा तर्क आहे. तर्कच आहे, पुरावा म्हणून धरू नका.

हे फक्त गोरगरिबांत होतं असं समजू नका. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांच्या नावात केर आहे. पुण्यातला सगळ्यांत श्रीमंत गणपती ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते दगडूशेठ. धोंडो हे नाव तर ब्राह्मणांत घरोघर. अर्थात काही धोंडो अधिक महिन्यात, धोंड्याच्या महिन्यात जन्मले म्हणूनही धोंडो झाले. प्रत्येक नावामागे मेलेली भावंडं शोधू नयेत.

आणि हे आपल्यापुरतंही नाही. चीनमध्ये लाडक्या मुलाला 'गोऊशंग' म्हणत, म्हणजे कुत्र्यानं उरवलेलं. पश्चिम आफ्रिकेत योरुबा लोकांत पुन्हा पुन्हा मरून जन्माला येणाऱ्या मुलाची कल्पना आहे, तिथेही नावंच कामाला लावतात. यामागचा हिशोब सगळीकडे एक दिसतो. जे नेण्यासारखं आहे तेच मृत्यू नेतो. मग हे नेण्यासारखं नाहीच असं जाहीर करा. आपल्याकडे पाचवीला सटवाईची पूजा होते, ती येते आणि कपाळावर लिहिते. तिला फसवायचं. ती दारात उभी असताना मोठ्यानं म्हणायचं, अगं हे तर केरातलं.

आता आमच्या शास्त्राकडे येऊ. थोडाच वेळ, घाबरू नका.

शाळेत तुम्ही व्याजस्तुती शिकलात. वरून निंदा, आतून स्तुती. पण 'उखर्डू' ही व्याजस्तुती नव्हे. व्याजस्तुतीत ऐकणाऱ्याला आतली स्तुती कळावी अशी इच्छा असते, नाही कळली तर अलंकार फुकट गेला. इथे उलट. इथे ऐकणारे दोन आहेत. एक ऐकणारा, म्हणजे सटवाई किंवा काळ, त्याला निंदाच कळावी. दुसरे ऐकणारे, म्हणजे घरचे, त्यांना माया कळावी.

असं दोन कानांसाठी एकच वाक्य बोलणं ही आपल्या भाषेची फार जुनी विद्या आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ध्वन्यालोक लिहिला. त्यात ध्वनी म्हणजे काय हे सांगताना त्यानं जी प्रसिद्ध गाथा घेतली ती महाराष्ट्री प्राकृतातली, हालाच्या गाथासप्तशतीतली, आपल्या गोदाकाठची. एक बाई एका धार्मिक गृहस्थाला सांगते की बाबा, आता खुशाल हिंड, तुला त्रास देणारं ते कुत्रं इथल्या झाडीतल्या सिंहानं मारलं. वाक्य परवानगीचं, अर्थ मनाईचा. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या झाडीत कशाला फिरकेल? तिची भेटीची जागा मोकळी राहिली. काश्मीरच्या पंडिताला उदाहरणासाठी आपल्या मुलखातली बाई लागली, याचा आम्हांला उगाच अभिमान वाटतो.

पाश्चात्त्यांत ऑस्टिन नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ झाले. त्यांनी 1955 साली हार्वर्डला व्याख्यानं दिली. शब्द नुसतं सांगत नाहीत, करतातही, हे त्यांचं म्हणणं. 'या जहाजाला मी अमुक नाव देतो' असं म्हणणं म्हणजे नाव देणंच. बारशाचंही तसंच, आत्या कानात कुर्र करते आणि नाव होऊन जातं. ऑस्टिन पुढे म्हणतात की अशी कृती पार पडायला परिस्थिती जुळून यावी लागते. योग्य माणूस, योग्य रीत, आणि ती शेवटपर्यंत नेणं. नाहीतर शब्द उच्चारले जातात, पण काम होत नाही.

हे 'शेवटपर्यंत नेणं' लक्षात ठेवा, त्याच्यावरच आजचं सगळं बोलणं टेकलेलं आहे.

त्याआधी उकिरड्याबद्दल दोन शब्द. शहरातला माणूस उकिरडा म्हटलं की नाकाला रुमाल लावतो. त्या इंजिनिअर नातवाचं तेच झालं. पण तुम्ही कापूस लावणारी माणसं. तुम्हांला उकिरडा म्हणजे काय हे आम्ही सांगायचं? शेण, गोठ्यातला काडीकचरा, चुलीतली राख, वर्षभर तिथे पडतं आणि कुजतं. आखाजीच्या सुमाराला गाडी भरून वावरात जातं. ज्याच्या घरामागे मोठा उकिरडा त्याच्या घरी ढोरं जास्त, हे सोयरीक करताना बघत असत. आपणच म्हणतो ना, बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो. आणि 'टाकणं' हे क्रियापद पाहा. आपण कचरा टाकतो तसं बी टाकतो, कांद्याचं रोप टाकतो, खत टाकतो. शेतकऱ्याच्या भाषेत टाकलेली वस्तू संपलेली नसते. तिच्याकडे परत यायचं असतं.

पण हेच क्रियापद दुसरीकडेही आहे. 'टाकलेली बाई.' नवऱ्यानं टाकली. तिथे मात्र परत यायचं नसतं. सरकारी भाषेत तिला परित्यक्ता म्हणतात, त्यानं शब्द स्वच्छ झाला, एवढंच. म्हणजे टाकणं या शब्दाला स्वतःचा असा रंग नाही. टाकल्यानंतर काय होतं, कुणी उचलतं का, त्यावरून मागाहून तो रंग चढतो. सुपडूच्या बाबतीत उकिरड्याच्या काठाला सुईण उभी असते. तिचे हात पुढे झालेले असतात. टाकणं आणि उचलणं या दोन क्रिया मिळून एक विधी होतो. पहिलीच केली आणि दुसरी केलीच नाही, तर तो अर्धा विधी नसतो. ते मूल खरंच उकिरड्यावर असतं.

ऐतरेय ब्राह्मणात एक गोष्ट आहे. अजीगर्त नावाच्या ऋषीला तीन मुलगे, शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलाङ्गूल. तिन्ही नावं कुत्र्याच्या शेपटीच्या आसपासची. वेदकाळातले दगडूधोंडूच म्हणा. घरात उपासमार. हरिश्चंद्राचा मुलगा रोहित येतो, त्याला वरुणाला बळी द्यायला स्वतःच्या जागी कुणीतरी हवं. शंभर गाई देऊ म्हणतो. बाप थोरल्याला कवटाळतो, आई धाकट्याला. मधला उरतो. शुनःशेप विकला जातो. पुढे त्याला यूपाला बांधायला कुणी धजत नाही, तर बापच आणखी शंभर गाई घेऊन बांधतो. मारायला कुणी पुढे येत नाही, आणखी शंभर घेऊन तोच शस्त्र घेऊन येतो. मुलगा देवांची स्तुती करतो, पाश गळून पडतात. आणि मग बाप म्हणतो, ये बाळ, परत घरी ये.

शुनःशेप जात नाही. विश्वामित्र त्याला आपला मुलगा म्हणून घेतात, नवं नाव देतात, देवरात, देवांनी दिलेला.

आम्ही ही गोष्ट वर्गात पुष्कळदा सांगितली. नरमेध होता का नव्हता, यावरच चर्चा जायची. आज वाटतं, गोष्टीचा जीव शेवटच्या नकारात आहे. ज्यानं टाकलं त्याला उचलायचा हक्क उरतो का? आपल्या आज्या-पणज्यांना हे कळलेलं होतं असं दिसतं. त्यांच्या विधीत आई स्वतः टाकलेलं मूल स्वतःच उचलत नाही. दुसरीनं उचलायचं. आणि आईनं ते मोल देऊन घ्यायचं, मग ते मोल मूठभर ज्वारी का असेना. टाकण्याची किंमत पडते.

आता ती उचलणारी सुईण कोण? बहुतेक गावांत ती गावकुसाबाहेरची. जिच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या हातून पोर मात्र चाललं. किंबहुना तिच्याच हातून चाललं, कारण काळाला पटायला हवं होतं की हे पोर आता कमी मोलाचं झालं. घरच्यांची माया खरी, त्यात शंका नाही, पण त्या मायेनं खोटं बोलायला जी भाषा उसनी घेतली ती गावाच्या उतरंडीची होती. आणि त्या सुईणीच्या स्वतःच्या मुलाचं नाव? तोही दगडू, तोही कचरू. तिथे ते नाव कुठून आलं?

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वर्णाप्रमाणे नावं कशी असावीत ते सांगितलं आहे. ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बलवाचक, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. आता एका घरातला दगडू आईच्या भीतीतून आलेला आणि दुसऱ्या घरातला दगडू वरून लादलेला, हे बाहेरून ओळखू येत नाही. हाक तीच. दया पवारांचं 'बलुतं' 1978 साली आलं. पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. त्या पुस्तकाची रचनाच अशी की शिकलेला दया पवार आणि त्याच्या आतला दगडू पवार समोरासमोर येतात, आणि दगडू आपली कहाणी सांगतो. पुष्कळ समीक्षकांनी याला निवेदनाचं तंत्र म्हटलं. आम्हीही तसंच म्हणत होतो. पण तंत्र म्हणून सोडून देण्याइतकं ते लहान नाही. नाव बदललेल्या माणसानं जुन्या नावाला परत बोलावलं, त्याला तोंड दिलं आणि पुस्तकभर बोलू दिलं. दगडूला दयानंच उचललं, असं आम्ही आता वाचतो. इथे बाहेरून कुणी सुईण आलीच नाही.

एवढं सगळं सांगितलं, यात एक मोठं भोक आहे. ते आम्हांला आमच्या एका विद्यार्थिनीनं दाखवलं. आणि दाखवलं तेव्हा आम्ही ते नीट पाहिलंही नाही.

तो काळ नव्वदीचा. आम्ही भाषेच्या तत्त्वज्ञानाचा तास घेत होतो आणि हेच सगळं, उखर्डू, सुपडू, मोठ्या ऐटीत सांगत होतो. आपल्या लोकांना शब्दांची केवढी जाण होती वगैरे. हजेरीपटात एक नाव होतं, नकोशा. वडील बदलीच्या नोकरीतले, मूळ सातारा जिल्ह्यातले. आम्ही तिच्याकडे हात करून वर्गाला म्हणालो, 'हे बघा, आपल्याकडे जिवंत उदाहरण बसलेलं आहे.' वर्ग हसला. आम्हीही हसलो. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. म्हणाली, 'सर, माझ्याआधी कुणी मेलं नव्हतं. तिघी बहिणी आहेत, तिघी जिवंत आहेत.'

आम्ही काय म्हणालो? 'हो का, बरं बरं' असं काहीतरी म्हणालो आणि रजिस्टर घेऊन स्टाफरूमला गेलो.

तिचं वाक्य कळायला आम्हांला फार वर्षं लागली. डॉक्टरेट असूनही, असं लोक म्हणतात. आम्ही म्हणू, डॉक्टरेट असल्यामुळे. आमच्याकडे एक सुंदर सिद्धान्त होता आणि ती मुलगी त्यात बसली, एवढ्यावर आम्ही खूश होतो.

पाहा ना. 'उखर्डू' म्हणताना घरचे मृत्यूशी बोलतात, घेऊ नकोस म्हणतात. 'नकोशा' म्हणताना ते कुणाशी बोलतात? देवाशी. आता मुलगी पुरे, पुढचा मुलगा दे. म्हणजे ज्या मुलीला हाक मारायची तिच्याशी कुणी बोलतच नाही. तिच्या डोक्यावरून संदेश जातो, न जन्मलेल्या भावासाठी. रूप तेच, हीन नावानं हाक मारण्याचं. पण दोन कानांसाठी बोललेलं ते वाक्य नाही. घरच्यांच्या कानातही त्याचा अर्थ तोच, जो बाहेर आहे. सूप नाही, सुईण नाही, मूठभर ज्वारी नाही. दुसरी क्रिया कुणी ठरवलेलीच नव्हती.

इथे मनूला दोष देता येत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण त्याला सगळ्याच गोष्टींचं श्रेय द्यायची आपल्याला सवय आहे. स्त्रियांची नावं उच्चारायला सोपी, मनोहर, मंगल, आशीर्वादासारखी असावीत, असं तो त्याच अध्यायात सांगतो. नकोशा ही आपली स्वतंत्र निर्मिती आहे.

आणि मघाशी नथू म्हटलं ते पुन्हा आठवा. मुलाचं नाक का टोचायचं? काळाला तो मुलगी वाटावा म्हणून. म्हणजे मुलाला वाचवायच्या ज्या युक्त्या होत्या, दगड म्हणा, केर म्हणा, भीक म्हणा, त्या यादीत एक युक्ती 'मुलगी म्हणा' ही होती. आम्ही हे उदाहरण वर्षानुवर्षं गमतीदार म्हणून दिलं. त्यात दगड आणि मुलगी एका ओळीत बसल्या आहेत, हे आमच्या लक्षात आलं नाही. आपल्या अहिराणीत मुलगा तो आंडोर, मुलगी ती आंडेर. एका मात्रेचा फरक.

ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात एक कार्यक्रम झाला. नकोशा, नकुसा अशा नावांच्या 285 मुलींना जिल्हा प्रशासनानं नवी नावं दिली. पेपरांत फोटो आले. पुढे स्टार प्रवाहवर 'नकुशी, तरीही हवीहवीशी' नावाची मालिकाही आली. तो 'तरीही' आम्हांला टोचतो. मालिका चांगली की वाईट ते सोडा, पण मुलगी हवी असण्याला 'तरीही' लावावंसं वाटतं तोवर नकोशीच बोलते आहे. नामकरणाच्या कार्यक्रमावर त्या वेळी टीकाही झाली, नाव बदलून काय होतं म्हणून. आम्ही त्या टीकेत नाही. टाकल्यावर कुणीतरी उचलायचं राहिलं होतं, ते दहा-पंधरा वर्षांनी सरकारनं उचललं. सुईणीचं काम कलेक्टर कचेरीनं केलं. उशिरा केलं, मंचावर केलं, पण केलं. आमची तक्रार वेगळी आहे. जुन्या विधीत आईला मोल द्यावं लागे. इथे नवं नाव फुकट मिळालं. ज्यांनी टाकलं त्यांना काहीच द्यावं लागलं नाही. फोटोत तेही उभे होते.

त्याच 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात 894 मुली होत्या. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात 842. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, 1988 साली, केंद्राचा 1994 चा. तरी आकडा हा. म्हणजे खान्देशात आपल्याकडे नकोशा नावाच्या मुली सापडत नाहीत, यावर आपण खूश होण्याचं कारण नाही. आपल्याकडे नाव ठेवायची वेळच येऊ दिली गेली नाही.

तर त्या इंजिनिअर नातवाला आम्ही काय सांगितलं, असं तुम्ही विचाराल. हसू नकोस म्हणालो, उखर्डू हे आपल्या भाषेतलं एक अतिशय मायाळू नाव आहे म्हणालो. त्याला पटलं असावं, तो गप्प झाला. मग त्यानं ते फेरफार पुन्हा वाचायला घेतले आणि थोड्या वेळानं विचारलं, 'सर, यात आजीच्या सासूचं नावच नाही. नुसतं "मयताची बायको" लिहिलंय.' आम्ही आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, तिला सगळे उखर्डूची माय म्हणायचे, नाव असंल काहीतरी.

त्या बाईनं सुपातलं पोर मूठभर ज्वारी देऊन परत घेतलं होतं. तिचं नाव आम्ही त्या दिवशी पुष्कळ शोधलं, दुसऱ्या कागदांत, एका जुन्या वहीत. मिळालं नाही.

आम्ही इथे थांबतो. इथे जे ज्येष्ठ बसले आहेत त्यांना विनंती, प्रश्न नंतर विचारा, आधी आपल्या आजीचं आणि पणजीचं नाव सांगा. आठवत असेल तर. कुणीतरी लिहून घ्यायला कागद द्या बरं.